अस्वलाची शाबासकी

"आई, तू नापास झालीस तर?"

प्रश्न मुंगीचा नव्हता. तो तिच्या मैत्रिणीच्या, लांबडीच्या डोक्यातून निघाला होता आणि चष्मिशनं त्याला धार लावली होती, दुपारच्या सुट्टीत, शाळेच्या जिन्याखाली, जिथं या तिघींची सभा भरायची. "एवढी रडतेस ना, मग आज जेवताना विचारूनच टाक," चष्मिश म्हणाली होती. "सरळ विचार. हिंमत असेल तर." हिंमत हा शब्द ऐकला की पूर्वी मुंगी मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यावर फुलं काढत बसायची. हल्ली मात्र तिच्या अंगात वारं शिरायचं. म्हणून विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

बाबांच्या हातातला पावाचा तुकडा तोंडाजवळच थांबला. आई मात्र हसली.

"बरंच की. जन्मभर तुझ्या वेण्या घालत बसेन."

"जन्मभर कोण घालू देतंय तुला."

"बघू ना."

हे सगळं आई बोलली ते मुंगीकडे न बघता, फ्रीजच्या गुळगुळीत दाराकडे बघून. त्या दारात मुंगीचा चेहरा धूसर दिसत होता. आईचं हे नेहमीचंच होतं. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन ती कधी बोलायचीच नाही, खिडकीची काच, भांड्याचं बूड, काहीतरी शोधायची. घरात कुणाला त्याचं नवल वाटत नसे. एखाद्याच्या आईला चहा फुंकून प्यायची सवय असते, तशी ही.

आई केस कापायची. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक लहानसं सलून होतं, चार खुर्च्या आणि चार आरसे, त्यातली खिडकीजवळची खुर्ची आईची. मुंगीच्या जन्माआधीपासून ती तिथं उभी होती. आता सलूनचा मालक दुकान विकून मुलाकडे निघाला होता, आणि बाबांच्या पाठीनं गोदामातल्या खोक्यांपुढे केव्हाच हात टेकले होते. त्यामुळे बाबा घरी स्वयंपाक बघायचे, आणि आईच्या सलूनचे दिवस भरत आले होते. अशात आईच्या मैत्रिणीनं एका एजन्सीचा पत्ता दिला. परदेशात वृद्धाश्रमांना केस कापणारी माणसं हवी होती. म्हाताऱ्यांचे केस कापायचे, धुवायचे, नखं काढायची, दोन शब्द बोलायचे. करार दोन वर्षांचा. सोबत कुणाला नेता येणार नव्हतं.

त्या दोन शब्दांचीच तर पंचाईत होती. मुलाखत तिकडच्या भाषेत होणार होती, फोनच्या पडद्यावर, समोरासमोर. आईनं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन लेखी परीक्षा पार केली होती, तीही बऱ्यापैकी गुणांनी. शब्द होते, वाक्यं होती, क्रियापदं तर पाठ होती. पण सगळं आत कोंडलेलं. तोंड उघडायची वेळ आली की गाडी फाटकाशीच उभी.

मुंगी हीच भाषा शाळेत शिकत होती, शिवाय घरातला फोन, टीव्ही आणि रुसलेलं इंटरनेट तिच्याच हाताखाली. तेव्हा आई म्हणाली, "तूच बघ बाई कुठं बोलायचं ते. म्हणे हल्ली असे प्लॅटफॉर्म असतात, घरबसल्या बोलता येतं."

"प्लॅटफॉर्म निवडायचा," बाबा बटाटे सोलता सोलता म्हणाले, "म्हणजे गाडी सुटणारच म्हणायची."

कुणी हसलं नाही. बाबांनी साल एवढं जाड काढलं की निम्मा बटाटा टोपलीत गेला.

आता या वर्षाची मुंगी कोण होती तेही सांगायला हवं. मुंगी हे नाव बाबांनी ठेवलेलं, कारण लहानपणी ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची आणि तिचा आवाज ऐकायला कान जमिनीला लावावा लागायचा. शेवटचा बाक, पुसट अक्षर, हजेरीला हात वर. यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी तापानं पडली आणि बाईंनी कुणीच नाही म्हणून हिच्या हातात माइक दिला. काय झालं कुणास ठाऊक. मुंगी बोलली. अख्खं सभागृह हसलं, आणि तिला हसलं नाही, तिच्या विनोदाला हसलं. तेव्हापासून ती थांबायचं नाव घेत नव्हती. "आमच्या मुंगीचा भोंगा झाला," असं बाबा शेजाऱ्यांना सांगायचे. आपल्याला हवं तसं जग वळवता येतं असं तिला वाटायला लागलं होतं. आणि नेमक्या याच वर्षी, रोज सकाळी केस विंचरताना शाळेतल्या गोष्टी ऐकणारं एकमेव माणूस दोन वर्षांसाठी निघालं होतं.

तर मुंगीनं शोध घेतला. तीन ठिकाणी फुकटात बघायची सोय निघाली.

पहिल्या ठिकाणी माणूस नव्हतंच. गोल पोटाचं एक अस्वल पडद्यावर यायचं, प्रश्न विचारायचं, आपण फोनमध्ये उत्तर द्यायचं. आईनं अडखळत सांगितलं की मी कात्री कापते केसांनी. अस्वलानं दोन्ही पंजे आपटले. "वा! फार छान!" आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चुकलं ना गं काहीतरी?"

"थोडंसं उलटं झालं."

"पण तो म्हणाला छान."

दुसऱ्या ठिकाणी होत्या मास्तरीणबाई. मागे पुस्तकांचं कपाट, पुढे चष्मा, आणि कॅमेऱ्यात थेट रोखलेले डोळे. आई खुर्चीत ताठ बसली. मास्तरीणबाईंनी विचारलं, आज दिवस कसा गेला. आईचे हात मांडीवर काहीतरी चाचपडायला लागले, जणू तिथं कंगवा ठेवला होता आणि कुणीतरी उचलला. तिनं मुंगीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग गुडघ्यांकडे. शेवटी म्हणाली, "हो." मास्तरीणबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आई पुन्हा म्हणाली, "हो." मग वेळ संपेपर्यंत मास्तरीणबाईच बोलत राहिल्या. फोन बंद झाल्यावर आईनं पदार्थ करपल्यासारखी खोलीची खिडकी उघडली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

तिसऱ्या ठिकाणी ना अस्वल ना मास्तर. तिथं तिकडची साधी माणसं होती, ज्यांना रिकामा दिवस खायला उठतो अशी, कुणाशीही गप्पा मारायला तयार. मुंगीनं एक आजी निवडल्या, चेहरा भांडखोर नव्हता म्हणून. आयुष्यभर बस चालवलेल्या आजी. हात आखडले म्हणून आता घरी बसून होत्या.

ती रविवारची सकाळ होती. मुंगीनं केस धुतले होते, आणि कमरेपर्यंतचे ते केस हा हल्ली तिचा मोठाच अभिमान होता. स्नेहसंमेलनात तिनं वेणी खांद्यावरून पुढे टाकली होती तेव्हापासून निम्म्या वर्गानं वेण्या पुढे टाकल्या होत्या. आजींशी बोलायची वेळ झाली तरी आई खुर्चीत बसायला तयार होईना.

"आधी तू बोल. मी तोवर तुझी वेणी घालून घेते."

म्हणून मुंगी स्टुलावर बसली, कपाटाच्या आरशासमोर. फोन आरशाच्या बुडाशी टेकवला. आई मागे उभी राहिली, कंगवा दातात धरून केसांचे भाग करायला लागली. आजी आल्या. डोक्यावर लोकरीची टोपी, घसा बसलेला. मुंगी आपली शाळेतली वाक्यं घडाघडा म्हणायला लागली, माझं नाव अमुक, माझा छंद तमुक. आजी ऐकत होत्या, पण बघत मुंगीच्या डोक्यावरून मागे होत्या.

"तुझे केस कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

आणि मुंगीच्या मागून आवाज आला. "मी. मी आई."

मुंगी वळणार होती, पण आईच्या हातात तिची वेणी होती. डोकं हलवायचं नाही हा या घरातला पहिला कायदा.

"तुमचे केस कोण कापतं?" आईनं विचारलं. ती आरशात बघत होती, हात चालू होते. "टोपी काढा. दाखवा."

आजींनी टोपी काढली. आतून पांढऱ्या केसांची एक विस्कटलेली गंजी बाहेर आली.

"मीच कापते," आजी म्हणाल्या. "स्वयंपाकघरातल्या कात्रीनं."

"दिसतंय," आई म्हणाली.

एकच शब्द. पण असा बरोबर जागी पडलेला की आजी खोकला लागेपर्यंत हसल्या. मग काय, फाटक उघडलं. आई चुकत होती, भूतकाळाचा भविष्यकाळ करत होती, शब्द सापडला नाही की कंगव्यानं हवेत दाखवत होती, पण बोलत होती. मानेवर कसं कापायचं, हात आखडले असतील तर आरसा कुठं ठेवायचा, ओले असताना कापले तर वाळल्यावर केस कसे वर चढतात. आजी बसमधल्या गोष्टी सांगत होत्या, आई मध्येच प्रश्न विचारत होती. मुंगीला कुणी काही विचारत नव्हतं. ती मान ताठ धरून बसली होती आणि आरशात एक बाई बघत होती, जिला ती ओळखत होती असं तिला वाटलं होतं. आईचे हात तिच्या डोक्यात होते आणि आई मात्र निघालीसुद्धा होती.

वेळ संपली. आईनं वेणीला रबर लावलं. गाल तापलेले, डोळ्यांत चमक.

"मग? कुठलं घ्यायचं आपण?"

मुंगी स्टुलावरून उठली.

"अस्वल," ती म्हणाली.

"हो? मला त्या आजी..."

"अगं, तिथं रोज त्याच मिळतील असं थोडंच आहे. कुणीही येतं. फसवणारे पण असतात. आणि त्या निम्मे शब्द गिळतात, व्याकरणाच्या नावानं तर शंख. मुलाखतीत काय बसमधल्या गोष्टी विचारणारेत?"

यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं होतं. म्हणून तर ते सहज निघालं. बाबा दारात उभे होते, हातात ओला डाव. त्यांनी एकदा मुंगीकडे बघितलं, एकदा आईकडे.

"तू म्हणतेस तर अस्वल," आई म्हणाली. "तुला त्यातलं कळतं."

मग घरात अस्वल राहायला आलं. आई बसमध्ये अस्वलाशी बोलायची, गॅससमोर उभी राहून बोलायची, कपडे वाळत घालताना चिमटा तोंडात धरून बोलायची. अस्वल खूश. "वा! फार छान!" पंजे आपटायचं, पिवळे तारे उडवायचं, दर थोड्या दिवसांनी गळ्यात एक पदक घालायचं. आई ती पदकं बाबांना दाखवायची आणि बाबा म्हणायचे, "बघ हं, भिंत कमी पडेल आता."

एकदा आई अंघोळीला गेली असताना मुंगीनं फोन उचलला. अस्वलानं विचारलं, तुझ्या कुटुंबात कोण कोण आहे. मुंगी म्हणाली, "माझी आई टेबल आहे. तिला उकळा."

"वा! फार छान!" अस्वल म्हणालं, आणि तारे उडाले.

मुंगीनं फोन पालथा ठेवला. बाथरूममधून आईचं पुटपुटणं ऐकू येत होतं, पाण्याच्या आवाजात, तिकडच्या भाषेत, एकेक वाक्य पुन्हा पुन्हा.

"मग तुझं काम झालं की," लांबडी जिन्याखाली म्हणाली. "अस्वलानं वाचवलं तुला."

"तोंड असं का केलंयस मग?" चष्मिशनं विचारलं.

"कसं केलंय?"

"माझ्या मावशीनं कुत्रा सोडून दिला होता, तेव्हा केलं होतं तसं."

मुंगीनं तिला एक चापट मारली आणि मग पुढचा सगळा तास हाताकडे बघत बसली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता सलूनवर गेली. काचेच्या दारावर कागद चिकटवलेला, आत तीन भिंती उघड्या. आरसे उतरवले होते, त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. तीन खुर्च्या एका कोपऱ्यात, एकमेकींकडे पाठ करून. आई शेवटच्या आरशासमोर एका म्हाताऱ्या बाईंचे केस कापत होती. त्या बाईंना आता केस कापायला कुठं जायचं ते कळत नव्हतं आणि त्या पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. आई आरशातून त्यांची समजूत घालत होती. हळू आवाज, हळू कात्री.

बाई गेल्यावर आई केर काढायला लागली. पांढऱ्या केसांचा एक हलका ढीग झाला.

"तुला एक गंमत सांगू?" आरशातल्या मुंगीला आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी मला लग्नाचं विचारलं ते याच खुर्चीत बसून. गळ्याभोवती कापड, अर्धे केस कापलेले. मी आरशात बघूनच हो म्हटलं. समोर येऊन विचारलं असतं ना, तर माझ्या तोंडातून शब्द फुटला नसता."

"का पण?"

"काय माहीत. मी तुझ्याएवढी असल्यापासून हेच करतेय. हात कामात असले आणि माणूस आरशात असलं की बोलता येतं. रिकामे हात घेऊन कुणासमोर बसलं की वाटतं, हा आता माझ्याकडून काहीतरी मागणार." ती झाडूवर हात ठेवून उभी राहिली. "पण अस्वलाशी जमतंय की मला. नाही का?"

मुंगी म्हणाली, "जमतंय."

तिला वाटलं होतं आई एकदा तरी नीट बघेल आणि खोटं ओळखेल. पण आईनं सुपली पुढे सरकवली. "जरा धर."

मुलाखतीआधी एजन्सीनं एक सराव ठेवला होता. एजन्सीच्या बाई पडद्यावर आल्या, तरुण, नीटनेटक्या, घाईत नसलेल्या. आईनं इस्त्रीचा कुर्ता घातला होता. हात मांडीवर, एकात एक गुंतवून. बाबा आणि मुंगी पलंगाच्या कडेवर, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे. कपाटाचा आरसा आईच्या पाठीमागे होता. उजेड चेहऱ्यावर चांगला पडतो म्हणून मुंगीनंच खुर्ची तशी ठेवली होती.

पहिले दोन प्रश्न निभावले. नाव, काम. मग बाईंनी विचारलं, सौम्यपणे, "तुम्हाला मुलगी आहे ना? तिला सोडून दोन वर्षं राहणं तुम्हाला कसं वाटेल?"

आईचे ओठ हलले. आवाज नाही. तिची नजर काच शोधत फिरली आणि तिला कुठंच सापडली नाही. बाई थांबल्या होत्या. आणि मग आईच्या तोंडून, स्पष्ट, बिनचूक उच्चारात, त्या भाषेतलं तिला सगळ्यात चांगलं येणारं वाक्य बाहेर पडलं.

"वा! फार छान!"

पडद्यावरच्या बाईंचा चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग त्या कसनुशा हसल्या, म्हणाल्या की थोडा सराव कमी पडतोय, खरी मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, तीच शेवटची, शुभेच्छा.

फोन बंद झाला. आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. बाबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, हातात कोरडं फडकं घेऊन.

"एखाद्या दिवशी होतं असं," ते म्हणाले.

"अहो, तिला वाटलं असेल केवढी निर्दयी बाई आहे. मुलीला सोडायचं म्हणून खूश झाली." आईनं एक कप विसळला, परत विसळला. "मीच ढ. पोरीनं एवढं शोधून दिलं, रोज शिकवलं त्यानं, तरी हे. कुणाला दोष द्यायचा."

पोरगी दारात उभी होती. सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढा आवाज तिच्याकडे होता, आणि त्या घटकेला तिच्या घशातून मुंगीएवढाही निघेना. पाणी वाहत राहिलं. फ्रीजच्या दारात तिला आईची पाठ दिसत होती, आणि बाबांचा हात, त्या पाठीवर ठेवू की नको अशा विचारात अर्ध्यावर थांबलेला.

तिला हवं होतं तेच झालं होतं. आता एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. अस्वल पंजे आपटत राहील, आई पुढच्या महिन्यात पुन्हा गप्प बसेल, आणि मग कुठंच जाणार नाही. इथंच राहील. कुठल्या आरशासमोर, हा प्रश्न मात्र मुंगीनं आजवर स्वतःला विचारला नव्हता. सलून बंद, खुर्च्या विकलेल्या. आई घरात बसेल, रिकामे हात मांडीवर ठेवून, आणि सकाळी मुंगीची वेणी घालताना तेवढी बोलेल. मुंगी शाळेत गेली की दिवसभर गप्प. आणि स्वतःला ढ समजत राहील, जन्मभर, आणि मुंगीला त्यातलं कळतं असंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगीनं शाळेच्या जिन्याखालून दोन ठिकाणी संपर्क केला. लांबडी आणि चष्मिश पहाऱ्याला उभ्या होत्या. आधी तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर आजींना गाठलं. आजी टोपी न घालता आल्या. केस तसेच, विस्कटलेले.

"तुझी आई कुठं गेली?" त्यांनी विचारलं. "मी आरसा ती म्हणाली तिथं ठेवला. बरं पडतं. तिला सांगायचं होतं, पण ती परत आलीच नाही."

मुंगीनं सांगितलं. तिच्या शाळेतल्या वाक्यांत हे कुठं बसत नव्हतं, त्यामुळे मोडकंतोडकं, लहान मुलासारखं सांगितलं. आई परीक्षा. मग आई दूर, दोन वर्षं. मी चुकीचं निवडलं. मुद्दाम. रोज याल का?

आजींनी विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. "ती पास झाली तर तू एकटी राहशील," त्या म्हणाल्या.

"बाबा आहेत."

"ते काही वेणी घालत नसतील."

"नाही."

"येईन," आजी म्हणाल्या. "संध्याकाळी मला तसंही काही नसतं."

दुसरा फोन एजन्सीला. तिथल्या माणसाला मुंगीनं विचारलं, मुलाखतीत काम करून दाखवलं तर चालतं का, म्हणजे बोलता बोलता. तो म्हणाला, चालतं की, उलट बरंच, पण डोकं तुमचं तुम्हाला आणावं लागेल.

"काय म्हणाला?" लांबडीनं विचारलं.

"डोकं आणा म्हणाला."

"तुझ्याकडे आहे का?" चष्मिश म्हणाली, पण विनोद अर्धवटच राहिला, कारण मुंगीनं वेणी पुढे ओढली होती आणि ती हातात धरून तिच्या टोकाकडे बघत होती.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. बाबांनी बटाटे उकडले होते, थोडे जास्तच, ताटात ते आपोआप फुटत होते. आईचा फोन टेबलावर होता आणि त्यातून अस्वल मधूनच टिंग करत होतं, आज बोलला नाहीत, आज बोलला नाहीत. आई त्याच्याकडे लाजल्यासारखी बघत होती.

मुंगीनं फोन उचलला, अस्वल काढून टाकलं आणि फोन परत ठेवला.

"अगं, माझी पदकं," आई म्हणाली.

"ती खोटी होती. तो सगळ्यांनाच छान म्हणतो. आई टेबल आहे म्हटलं तरी छान म्हणतो. मी बघितलं होतं." मुंगीनं ताट मागे सरकवलं. "मला आधीच माहीत होतं. तू आजींशी बोललीस ना, तेव्हाच मला कळलं की तू पास होशील. म्हणून मी अस्वल म्हटलं."

बाबांनी चमचा खाली ठेवला, आवाज होणार नाही असा.

आईनं फ्रीजकडे बघितलं. मग टेबलाकडे. मीठदाणी उचलून दुसरीकडे ठेवली.

"मला तरी कुठं खरं ऐकायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "छान म्हणत होता, बरं वाटत होतं. मला वाटायचं असंच चालू राहील, परीक्षा कधी येणारच नाही."

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना सर्दी झाली असावी अशा आवाजात म्हणाले, "मग आता काय?"

मुंगीनं घसा साफ केला. स्टेजवर माइक हातात घेताना केला होता तसा, पण या वेळी समोर दोनच माणसं होती आणि त्यांतलं कुणी हसणार नव्हतं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्यापासून आजी रोज संध्याकाळी फोनवर येणार आहेत. आरशासमोर स्टूल ठेवायचं, मी बसणार, तू माझे केस कापणार. रोज थोडे. कापता कापता बोलायचं. मुलाखतीच्या दिवशीपण तसंच, मी एजन्सीला विचारलंय, चालतं. त्या दिवसापुरते केस शिल्लक ठेवायचे."

"एवढे लांब केस," बाबा म्हणाले. "अगं, आत्ता कुठं तू ते मिरवायला लागलीस."

आईनं मान वर केली. फ्रीजकडे नाही, काचेकडे नाही. मुंगीकडे बघितलं, सरळ, आणि काही बोलायचा प्रयत्न केला, आणि शब्द फुटला नाही.

"असू दे," मुंगी तिला म्हणाली. "तू गेल्यावर वेणी कोण घालणार? मला एकटीला आवरता येतील एवढेच ठेव."